मामाला लिहिलेला मेल

बेलापूरच्या आमच्या ऑफिसात माझं काम करारांच्या फायली सांभाळायचं. फोन दुरुस्त करायचं नाही. पण कुणाचाही फोन अडला की तो आधी माझ्या टेबलावर येतो. सिस्टीमवाले दोघे आहेत, ते म्हणतात आधी तक्रार टाका, आणि उगवतात दुसऱ्या दिवशी. मी लगेच बघते आणि बघता बघता चार शब्द सुनावते. लोक ते चार शब्द ऐकून घेतात, कारण फोन चालू होतो. माझा नवरा म्हणतो, हिला चिडायला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. खोटं नाही ते.

मला एकच भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मस्कतला नोकरीला. आई शेवटचे सहा महिने आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटवर होती. तिची तब्येत उतरायला लागली तेव्हा ती मला रोज बजावायची, त्याला कळवू नकोस, उगाच नोकरी टाकून धावत येईल. मीही शहाणी, तिचं ऐकत राहिले. शेवटी कळवलं तेव्हा फार उशीर झाला होता. विमानतळावरून तो थेट घरी आला, तर आम्ही स्मशानातून परत येऊन आंघोळी करत होतो. दारात बॅग ठेवून तो म्हणाला, "ताई, तू मला आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस."

त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण सहा महिन्यांचं जागरण माझ्या डोक्यात होतं. मी म्हणाले, "सहा महिने मी केलं तिचं. तू कुठे होतास?" घरात सगळे नातेवाईक बसलेले. तेराव्यापर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि चौदाव्या दिवशी निघून गेला. नंतर फोन लावला तर लागेना. मेसेज केला तर जाईना. माझा नंबर ब्लॉक, माझ्या नवऱ्याचाही ब्लॉक. दोन वर्षं राख्या पाठवल्या, पोचल्या की नाही देव जाणे. मेल तेवढा त्याने बंद केला नव्हता. आईच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मी मेलवर पाठवली होती, त्यावर "मिळाली" असं एका शब्दाचं उत्तर आलं होतं. त्या एका शब्दावर मी तीन वर्षं काढली.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी मामाची लाडकी. तो सुट्टीवर आला की दोघं दिवसभर बाहेर. तिला सायकल त्याने शिकवली, पोहायला त्यानेच नेलं, दहावीला मार्क कमी पडले तेव्हा माझ्या हातून तिला त्यानेच वाचवलं. लग्नाची बोलणी झाली त्या संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "आई, हॉल कुठला घ्यायचा तो घ्या, साडी कुठली ती घ्या. मागे मामाच उभा राहिला पाहिजे. दुसरं कोणी नको."

आमच्याकडे गौरीहरापाशी बसलेल्या मुलीला मामाच मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. सख्खा मामा असताना त्या जागी दुसरा उभा राहिला तर शंभर माणसं शंभर प्रश्न विचारतात. पण मला माणसांची पर्वा नव्हती. मलाच तो हवा होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, मुलीलाही नाही.

ती म्हणाली, मीच मामाला मेसेज करते, मला त्याने ब्लॉक केलेलं नाही. मी तिला अडवलं. लग्नाचं बोलावणं नवरीने करायचं नसतं, आईबापांनी करायचं असतं. पहिलं आमंत्रण देवाला, दुसरं मुलीच्या मामाला, आणि तेही आईच्या तोंडून. "तू त्याला बोलावलंस तर त्याला वाटेल, ताईला मी नकोय, पोर हट्ट करतेय," मी म्हणाले. ती ऐकत नव्हती, तेव्हा तिला शपथ घातली. माझ्या शपथेला ती लहानपणापासून घाबरते.

मेल लिहायला मला चार दिवस लागले. चार ओळींचा मेल, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीत माझा राग डोकं वर काढायचा. एकदा लिहिलं, "झालं गेलं विसर." खोडलं. विसर म्हणणारी मी कोण? एकदा लिहिलं, "आईची इच्छा होती." तेही खोडलं, आईला मध्ये आणायला लाज वाटली. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर पलंगावर बसून लिहिलं: "माझं चुकलं. मी तुला वेळेवर कळवायला हवं होतं. पोरीचं लग्न ठरलंय, पत्रिका सोबत पाठवते आहे. तिच्या मागे तूच उभा राहा. मी वाट बघते." खाली "ताई". पत्रिकेचा फोटो जोडला आणि मेल पाठवला.

"माझं चुकलं" हे दोन शब्द मी आयुष्यात फार कमी वेळा लिहिले आहेत. पाठवल्यावर मला हलकं वाटलं. उठून चहा केला आणि नवऱ्याला कपात ओतून दिला, एरवी त्याचा त्याने घ्यायचा असतो.

आदल्या दिवशी, शनिवारी, माझ्या फोनला नवीन अपडेट आलं होतं. मी ते टाकून मोकळी झाले होते. सोमवारी ऑफिसला गेले तर माझ्या टेबलाशी रांग. ज्यांनी ज्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांचे मेल बंद पडले होते. कुणाचे शुक्रवारपासून आले नव्हते, कुणाला मेल उघडला की गोल गोल फिरणारं चक्र दिसत होतं, एकीला तर फोन दर पाच मिनिटांनी पासवर्ड मागत होता आणि ती बिचारी दर पाच मिनिटांनी तो घालत होती. मी पदर खोचला. आधी बॅटरी वाचवायची सोय बंद करायची, तिने मेल अडतात. मग सिंकचं बटण बघायचं, अपडेटने ते बऱ्याच जणांचं परस्पर बंद केलं होतं. तेवढ्याने नाही झालं तर अकाउंट काढून पुन्हा घालायचं. दोन दिवसांत मी अख्खा मजला मार्गी लावला. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, आपल्याकडे सिस्टीमला पगार दिला जातो आणि काम मॅडम करतात. सगळे हसले. मीही हसले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

माझा स्वतःचा फोन मी तपासला नाही. तपासायचं काय त्यात? माझे मेल धडाधड येत होते. सोसायटीची नोटीस आली, विजेचं बिल आलं, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती तर विचारू नका. ऑफिसचे मेल मी कॉम्प्युटरवरून पाठवते, फोनवरून कधीच नाही. फोनवरून पाठवलेला मेल एकच होता.

पहिला आठवडा मी फोन हातातून सोडला नाही. भाजी चिरताना ओट्यावर, आंघोळीला जाताना बाहेर खुर्चीवर. टिंग वाजलं की ओल्या हातानेच फोन उचलायची आणि बघावं तर पन्नास टक्के सूट. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्या बाजूने विचार केला. कामात असेल, बायकोला विचारत असेल, रजेचं बघत असेल. तिसऱ्या आठवड्यात माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. "येतो" म्हणू नकोस, पण "नाही जमत" एवढं तरी लिही ना. माझं चुकलं म्हणून लिहिलं, मोठी असून लिहिलं, आणि हा ढिम्म.

नवरा म्हणाला, "शेजारच्या काकांच्या फोनवरून एकदा लाव. मेल बघितलाच नसेल त्याने."

"बघितला नसेल? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो तो. मी लिहिलंय. आता त्याने लिहावं."

"लग्न आपल्या पोरीचं आहे."

"म्हणून मी त्याच्या पाया पडू?"

तो गप्प बसला. माझ्यापुढे तो नेहमीच गप्प बसतो, आणि त्या दिवशी बसायला नको होतं असं आता मला वाटतं. राग तर होताच, पण नुसता राग हे पुरतं खरं नाही. मला भीती वाटत होती. मी "हॅलो" म्हणेन आणि माझा आवाज ओळखून तो फोन ठेवून देईल. मेलचं उत्तर आलं नाही तर माणूस मनाची समजूत घालू शकतो. तोंडावर फोन ठेवला तर काय घालणार?

मग मी बोलत सुटले. केळवणाला कोणी विचारलं, मामा कधी येणार, की मी म्हणायची, "मी रीतसर बोलावलंय. माझं चुकलं म्हणूनसुद्धा लिहिलंय. त्याला बहिणीपेक्षा त्याचा ताठा मोठा." हे मी मावशीला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, ऑफिसातही सांगितलं. ऐकणारे चुकचुकायचे. मला त्यातही समाधान मिळायचं. मुलीने एकदाच विचारलं, "खरंच काही आलं नाही?" मी तिला फोन दाखवला. तिने इनबॉक्स वरपासून खालपर्यंत सरकवून बघितला आणि फोन परत दिला.

लग्न खारघरच्या एका हॉलमध्ये झालं. सगळं नीट झालं. जेवण चांगलं, मंडळी खूश. मुहूर्त जवळ आला तेव्हा भटजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. माझे एक लांबचे चुलतभाऊ तयार ठेवले होते, ते ऐन वेळी चष्मा शोधत होते. त्यात दोन मिनिटं गेली. त्या दोन मिनिटांत भटजींनी आणखी दोनदा पुकारलं आणि गौरीहरापाशी बसलेली माझी मुलगी दाराकडे बघत होती. हॉलच्या दाराकडे. मला ते दिसलं. त्या क्षणी मी भावाला मनात जे जे बोलले ते इथे लिहीत नाही.

लग्नानंतर अकराव्या दिवशी आमच्या डिस्पॅचचे शिपाई माझ्या टेबलाशी आले, ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊ बोनकोड्याचे, गावातलेच जुने, स्वभावाने गरीब. त्यांच्या मोबाइलला हात लावायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती.

"मॅडम, माजा मेल येतो, पन जात नाय," ते म्हणाले.

"असं कसं होईल भाऊ? येतो तर जायलाच पाहिजे. काहीतरी बटण दाबलं असेल तुम्ही."

"मी कायबी दाबला नाय. रजेचा अर्ज टाकला साहेबांना, ते बोलतात आलाच नाय."

मी मान हलवली. बारा वर्षांच्या नोकरीत "मेल पाठवला होता, गेला नसेल" हे मी शंभरदा ऐकलंय. कामचुकारांचं ठरलेलं कारण आहे ते, असं मी सगळ्यांना तोंडावर सांगते. तरी भाऊंचा फोन घेतला. नेहमीची सगळी बटणं बघितली, सगळं ठीक. मग सेटिंगच्या आत शिरले. तिथे येणाऱ्या मेलचा पासवर्ड वेगळा असतो आणि जाणाऱ्या मेलचा वेगळा. येणाऱ्याचा जागेवर होता. जाणाऱ्याची चौकट कोरी. अपडेटने तो एकटा पुसून टाकला होता, आणि फोनने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"बघा, हे आहे कारण," मी म्हणाले. "तुमची चूक नाही." पासवर्ड घातला, सेव्ह केलं. भाऊ हात जोडायला लागले.

माझाही त्याच कंपनीचा फोन, तेच मेलचं ॲप. चला, आपलंही बघून घेऊ, म्हणून मी माझा फोन उघडला. जाणाऱ्याची चौकट कोरी. बोटांना सवय आहे, डोक्याला विचारत नाहीत. पासवर्ड घातला, सेव्ह केलं आणि फोन खाली ठेवणार, तेवढ्यात मेल गेल्याचा बारीक आवाज आला.

मी तर काहीच पाठवलं नव्हतं.

त्याच वेळी साहेब केबिनमधून बाहेर आले, हातात मोबाइल. "भाऊ, हे काय, मागच्या महिन्यातल्या रजेचे तीन-तीन अर्ज आत्ता येतायत?" भाऊ खुलासा करायला लागले, "साहेब, अडाकले होते, मॅडमनी सोडावले." साहेब हसत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, अर्ज पोचला, पण रजा तर घेऊन झाली यांची." आजूबाजूचे सगळे हसले. मी पाठवलेल्या मेलची यादी उघडली. सगळ्यात वर माझा मेल. माझं चुकलं. पोरीचं लग्न ठरलंय. तिच्या मागे तूच उभा राहा. मी वाट बघते. फोनने त्यावर त्याच दिवसाची तारीख आणि त्याच मिनिटाची वेळ घातली होती. मी तो त्या रविवारी लिहिला होता याची कुठे खूण नव्हती.

तो परत कसा घ्यायचा हे मी शोधलं. घेता येत नाही. आपल्या फोनमधून पुसला तर आपल्यापुरता पुसला जातो, एवढंच.

लगेच दुसरा मेल लिहिला. अपडेट, पासवर्ड, कोरी चौकट, सगळं खुलासेवार. लिहून वाचला आणि माझाच विश्वास बसेना. हा मेल ऑफिसात कुणी मला लिहिला असता तर मी काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. लग्न उरकल्यावर कुणीतरी टोचलं असेल, म्हणून हिने पत्रिका ढकलली आणि आता फोनवर खापर फोडतेय. तरी पाठवला. दुसरं करण्यासारखं काय होतं? हा मात्र लगेच गेला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्याला बोलावणंच गेलं नव्हतं." मी महिनाभर गावभर काय काय सांगत फिरले होते ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. दुपारी, डबा उघडला होता तेव्हा. वर "ताई" नव्हतं. थेट सुरुवात होती.

"पत्रिका मिळाली. अपडेटचं लिहिलंस तेही वाचलं. लग्नाची तारीख मला सासुरवाडीकडून आधीच कळली होती. बोलावणं येईल असं धरून रजा घेऊन आलो होतो. आठ दिवस पनवेलला त्यांच्याकडेच होतो. मुहूर्ताच्या दिवशी सकाळपासून कपडे घालून बसलो होतो, फोन आला असता तर वीस मिनिटांत पोचलो असतो. बोलावल्याशिवाय मांडवात कसा शिरणार? आईच्या वेळी उशीर, आता हा. कारणं तुझी दोन्ही वेळा खरीच असतील. मी आलो होतो हे पोरीला सांगू नकोस, तिला फार लागेल. यापुढे लिहू नकोस."

मी डबा बंद केला. तो आला होता. मी त्याला मनात शिव्या घालत होते तेव्हा तो तीन स्टेशनं पलीकडे कपडे घालून बसला होता. मी त्यानंतरही लिहिलं, सहा-सात वेळा लिहिलं. ते सगळे मेल गेले. एकही अडकला नाही, आणि एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढच्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जेवणं झाल्यावर जावई नवऱ्याबरोबर गॅलरीत बसले आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली. लग्नाचे फोटो दाखवत होती. मंगलाष्टकांचा फोटो आला, मागे चष्मेवाले चुलतमामा. ती थांबली आणि फोनमध्ये बघतच म्हणाली, "आई, मामाचं काहीच नाही आलं?"

खरं सांगावं असं फार वाटलं. तोंडापर्यंत आलं. मग त्याची ओळ आठवली, पोरीला सांगू नकोस. मेल अडकला होता एवढंच सांगितलं तरी ती लगेच त्याला फोन लावेल आणि उरलेलंही बाहेर येईल. त्याने माझ्याकडे मागितलेलं तेवढंच होतं.

"त्याला रजाच मिळाली नाही गं," मी म्हणाले.

"मग तसं कळवायला काय झालं होतं? मी दरवाजाकडे बघत होते, आई."

एवढं बोलून तिने फोटो बंद केले, माझ्यासमोरच मामाचा नंबर उघडला आणि काढून टाकला. फोनने विचारलं, नक्की काढायचा? तिने हो दाबलं. मी शेजारी बसून बघत राहिले.